चौदा नंबर

तारेत शून्य म्हणजे शून्य नसतं, ऋत्वी,
चार मिलीअँपिअर असतं.
टाकी कोरडी ठणठणीत, तरी चार.
म्हणजे, मी रिकामी आहे, पण आहे.
आणि खरोखरच शून्य आलं
तर तार मेली समजायचं,
घुशीनं कुरतडली, नाहीतर खंदकात पाणी.
एवढ्या एका गोष्टीवर
नंदेसरीत मी एकतीस वर्षं भात खाल्ला.

ती हसते. हेल्मेटखाली पेन्सिल खोचलेली.
हातात चहाच्या डब्याएवढं यंत्र,
डोक्यावर करंगळीएवढा अँटेना.
"काका, याला तारच नाही."

मग हे बोलतं कोणाशी?

"शेजाऱ्याशी. तो त्याच्या शेजाऱ्याशी.
असं करत करत कंट्रोल रूम."

हे मला लगेच कळलं.
दांडिया बाजारात आमच्या पोळमध्ये
फोन एकच, डॉक्टर दातारांकडे.
आत्याचा फोन आला की डॉक्टरीणबाई गच्चीवरून वैद्यांना,
वैद्य खालच्या शिंप्याला, शिंपी आम्हाला,
आणि निरोप दारात पोचेपर्यंत
झालेल्या मुलीचा मुलगा व्हायचा.

"यात तसं नाही होत. निघेल तोच आकडा पोचतो.
एक शेजारी झोपला तर दुसऱ्याकडून."

रात्री दोनची फेरी.
टॉर्च, रजिस्टर, कॉलमच्या त्रेसष्ट पायऱ्या.
काचेवर नखानं टिचकी मारायची,
काटा दचकतो, स्थिरावतो, मग लिहायचं.
हे मी नव्या पोरांना नेहमी सांगतो.

हे सांगत नाही, की थंडीत
अन्वर आणि मी बॉयलरच्या उबेला बसून
कालचेच आकडे उतरवायचो,
एखादी डिग्री इकडे, एखादी तिकडे,
खरं वाटावं म्हणून.
अक्षर मात्र सुरेख.
ऑडिटवाल्यानं दोनदा कौतुक केलं होतं.

चौदा नंबर बसवला त्या आठवड्यात
पडद्यावर आलं एक्क्याण्णव.
रजिस्टरात बारा वर्षं चौऱ्याऐंशी.
मोठे साहेब म्हणाले, नवीन यंत्र चुकतंय, परत पाठवा.
ऋत्वीचे कान लाल.
अन्वर आपल्या बुटांकडे बघत उभा.

मी वर गेलो, त्रेसष्ट पायऱ्या, गुडघ्यासकट.
टिचकी मारली.
काटा हलला नाही.
पुन्हा मारली, जरा जोरात,
दार ठोठावतात तशी.
चौऱ्याऐंशीवर गंजून बसला होता,
कोण जाणे कधीपासून.
सात डिग्री वर शिजत होती बॅच
आणि ती पिवळी पडली की
आम्ही कच्च्या मालाला शिव्या देत होतो.
वरून मिनी नदी दिसते, तिच्याकडे बघत राहिलो थोडा वेळ.

खाली येऊन म्हणालो, यंत्र बरोबर आहे, साहेब.
पुढचं वाक्य घशाशी आलं आणि तिथेच थांबलं.
तेव्हा अन्वर बोलला:
"रजिस्टर चुकीचं होतं. आम्ही वर जात नव्हतो."
माझ्याकडून निघालं नाही ते
त्यानं शेजाऱ्यासारखं पुढे नेलं.

मेमो दोघांना मिळाला. एकाच पाकिटात.

आता रोज दुपारी तीन दहाला
चौदा नंबर गप्प होतो. वीस मिनिटं.
ऋत्वीनं बॅटरी बदलली, पत्ता बदलला,
पुण्याहून कोणालातरी तीनदा फोन केला.
मी सेव-उसळीचा डबा घेऊन पाइपरॅकखाली बसलो होतो,
म्हणून मला दिसलं.
मथुरभाईचा ॲसिडचा टँकर
सावलीसाठी रोज तिथेच लागतो,
चौदा आणि पंधराच्या बरोबर मधोमध.
एवढ्या लोखंडाआडून कोणाचं काय ऐकू जाणार.

खिडकीवर टकटक केली.
गाडी चार हात पुढे घे, मथुरभाई.
"का?"
दोघं बोलतायत, म्हटलं. मध्ये उभा राहू नकोस.

त्यानं मान बाहेर काढून
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.
कोणीच नव्हतं.
गाडी मात्र घेतली पुढे.